सावली विरळ करा

पुण्याच्या कसब्यात साहेबांना कॉफीवाले म्हणत. कुणी पत्ता विचारत आलं की खालच्या दुकानातला तांबट पातेल्यावरची हातोडी न थांबवता सांगायचा, "वर जा. पण पूड मिळत नाही तिथे. नुसते प्रश्न मिळतात."

तांबटाचं खोटं नव्हतं. साहेब कॉफीच्या खात्यात विस्तार अधिकारी होते. म्हणजे शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन त्याला नवी रीत पटवून देणारा सरकारी माणूस. सगळी नोकरी दक्षिणेत, कुर्गच्या डोंगरात झाली. निवृत्त होऊन पुण्याला परत आल्यावर शेतीच्या एका मासिकात ते वाचकांच्या शंकांना उत्तरं द्यायचे. छापायला जागा थोडी, पत्रं फार, म्हणून बाकीची उत्तरं टपालानं जायची. पुढे काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली आणि पत्रं वाचायला, उत्तरं लिहून घ्यायला माणूस लागला. तो माणूस म्हणजे मी.

मी सातवीत शाळा सोडलेली. माहेर मेळघाटात, चिखलदऱ्याच्या अंगाला. तिकडेही डोंगरउतारावर थोडीथोडकी कॉफी होते, हे पुण्यात कुणाला खरं वाटत नाही. लग्न होऊन खडकीला आले. नवरा कारखान्यात कामाला, राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर. शेजारणीचे दीर त्या मासिकाच्या छापखान्यात होते. त्यांनी माझं अक्षर पाहिलं आणि मला साहेबांकडे नेऊन उभं केलं.

"शिक्षण?" साहेबांनी विचारलं.

"सातवी."

"पुढे का नाही?"

"पुढची शाळा लांब होती."

"बरं झालं. याआधी बी.ए. झालेले गृहस्थ होते. ते माझं मराठी सुधारायचे. बसा."

एवढीच मुलाखत. मला त्या दिवशी काय वाटलं ते आज लिहून कळणार नाही. गावाकडे मला कुणी लिहायला सांगितलं नव्हतं, पुण्यात तर मी तोंडच उघडत नसे. आमचं वऱ्हाडी ऐकून बसमधल्या बायका वळून बघायच्या. आणि इथे एक शिकलेला माणूस मला पाट देऊन, पुढ्यात दौत ठेवून लिहा म्हणत होता. ही नोकरी गेली तर, या धास्तीनं मी रोज अर्धा तास आधी येऊन खाली उभी राहायचे. आठवड्याभरानं ते म्हणाले, "बाई, तांबट सांगतो तुम्ही खाली उभ्या असता. वर येऊन उभ्या राहत जा. जागा तेवढीच लागते."

त्यांच्याकडे येणारी पत्रं नुसती पत्रं नसायची. पाकिटातून पानं निघायची, काडेपेटीतून किडे निघायचे. एकदा तर कापडात शिवलेलं अख्खं वांगं आलं, वाटेत सडून. साहेब पान हातात घेऊन खालच्या बाजूनं अंगठा फिरवायचे, हुंगायचे, आणि शांतपणे दातांनी कोपरा तोडून चावायचे. मग रोगाचं नाव सांगायचे. ते कधी चुकलेले मला आठवत नाहीत. पण नाव सांगून झालं की गाडी थांबे. औषध काय, फवारणी किती, हे विचारणाऱ्याला हवं असायचं, आणि साहेब उत्तरात प्रश्नच लिहायला लावायचे.

प्रश्न ठरलेले होते. हे झाड लावलं कुणी? घरात नको कोण म्हणतंय? आणि तुमचा शेजारी काय करतोय? ही तीन उत्तरं आल्याशिवाय ते पुढे सरकत नसत. सरकले तरी "करा" असं कधी लिहू देत नसत. "कोणी कोणी असे करतात. त्यात अमुक धोका असतो. न केल्यास तमुक धोका असतो. आपण घरात बोलावे." झालं. लोक चिडायचे. नगरकडच्या एकानं लिहिलं होतं, "साहेब, मी तुम्हाला विचारलं, तुम्ही मला विचारता. मग पगार कुणाला मिळतो?" हे वाचल्यावर साहेब बराच वेळ खूश होते. "हा माणूस शेती नीट करील," म्हणाले.

दुसरी तऱ्हा म्हणजे पोस्टकार्ड. कितीही नाजूक गोष्ट असो, उत्तर उघड्या कार्डावरच. मी एकदा भीतभीत विचारलं, पाकीट का नको.

"सल्ला पाकिटात गेला की एकट्याचा होतो. कार्ड पोस्टमन वाचतो, चहावाला वाचतो, शेजारी वाचतो. चार जण त्याला नावं ठेवतात. नावं ठेवून उरलं तर ते खरं."

गुरुवारी ते मंडईत जायचे. मी बरोबर. विकत काही घ्यायचं नसे. माल घेऊन आलेला शेतकरी दिसला की त्याच्यापुढे उभं राहून विचारायचे, "हे बी कुणाचं बघून लावलंत?"

"आजोबा, मेथी घ्यायची हाय का?"

"मेथी नको. कुणाचं बघून लावली, ते सांगा."

"कुणाचं बघाया कशाला लागतंय? मन झालं, लावली."

"मेव्हण्याकडे बघून लावली असणार."

तो माणूस जरा दचकून हसायचा. "मेव्हण्यानंच तर सांगितलं."

मग साहेब पुढच्याकडे. परत येताना म्हणायचे, "बघा बाई. आम्ही तीस वर्षं पत्रकं वाटली. शेतकरी पत्रक वाचत नाही, मेव्हणा वाचतो." यात ते कधी हसत नसत. मला वाटायचं, नोकरीतली हौस जिरलेली नाही. खरं कारण मला फार उशिरा कळलं, आणि ते ज्या दिवशी कळलं तो दिवस माझ्या वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

मेळघाटात आमची दोन एकर कॉफी होती. वडिलांनी लावलेली. कॉफीला सावली लागते, म्हणून मध्ये मध्ये सिल्व्हर ओकची उंच झाडं, तीही त्यांनीच लावलेली. वडील गेल्यावर धाकटा भाऊ आणि माय बघत होते. त्या साली कॉफीच्या पानांवर तांबेरा आला, पानाखाली नारिंगी पूड धरते तो. सावली दाट झाली, ओल राहिली की तो वाढतो. त्याच वेळी एक लाकूडवाला गावात उतरला. सिल्व्हर ओक उभेच्या उभे विकत घेतो, परवाना मीच काढतो, म्हणाला. आमच्या उतारावर सात घरांची कॉफी. सगळ्यांनाच तांबेरा आणि सगळ्यांकडेच तो फिरत होता. भावाचं मन झालं. माय नको म्हणाली.

मीच भावाला कळवलं की मासिकाला लिही, साहेब उत्तर देतात. पण हा माझा भाऊ, हे साहेबांना सांगितलं नाही. आपल्या माणसासाठी गळ घालते असं त्यांना वाटेल, ही भीती. परक्याचं वाचावं तसं मी ते पत्र वाचून दाखवलं. साहेबांनी पान चावलं. "तांबेरा. लिहा." आणि तेच तीन प्रश्न.

भावानं मासिकाला उत्तरं पाठवली, आणि वेगळं पत्र मला खडकीच्या पत्त्यावर. "ताई, तुहा साहेब मलेच इचारून रायला. झाडं बाबानं लावली, नको माय म्हणते, शेजारी माह्याकडं पाहून रायले. आता तरी सांगन का नाई?"

साहेबांनी सांगितलं नाही. पुन्हा प्रश्न लिहायला लावले. उतार कुठल्या दिशेला आहे, उन्हाळ्यात दुपारचं ऊन खोडावर येतं का, झाडं किती, अंतर किती. तिकडे लाकूडवाला घाई करत होता. मला दुसरं पत्र आलं. "तो ह्या मयन्याच्या आखरीले पल्याडच्या गावात जाते. मंग येत नाई. मले एका शब्दात लिव. हो का नाई. तू त्याहीच्या जोळ बसतं, तुले येवढंबी होत नाई का?"

तुला एवढंही होत नाही का. हे वाक्य मी दोन दिवस घेऊन फिरले. घरची कॉफी माझ्याही हातांनी खुडलेली. पुण्यात बसून मी शेकडो लोकांची उत्तरं लिहीत होते आणि भावाला एक शब्द पाठवू शकत नव्हते. शिवाय खरं सांगायचं तर, वर्षभर पत्रं वाचून मला वाटायला लागलं होतं की मला कळतं. सावली कमी केली की तांबेरा हटतो, हे तर साहेबांच्याच तोंडून मी दहा वेळा लिहून घेतलं होतं. धोक्याची वाक्यं त्याच्या पुढेमागे असायची, ती मी तेवढ्या मनावर घेतली नव्हती.

ते दुपारी पडले असताना मी कार्ड घेतलं आणि लिहिलं: "तांबेरा आहे. सावली विरळ करा." खाली रोजच्यासारखं त्यांचं नाव. पाकीट घ्यायला हवं होतं, ते सुचलंच नाही. आमच्याकडे उत्तर म्हणजे कार्ड, हाताला तीच सवय.

कार्ड टाकल्यावर तिसऱ्या दिवशी साहेब आपणहून म्हणाले, "त्या मेळघाटवाल्याचं उत्तर आलं का?"

मी नाही म्हटलं.

"त्याचं माझ्या डोक्यातून जात नाही." मग ते भिंतीकडे तोंड करून बोलायला लागले. मी समोर आहे की नाही, त्याचं त्यांना काही नव्हतं.

कुर्गात त्यांच्या भागात असाच तांबेरा आला होता. साहेब तेव्हा तिशीतले. खात्याचा हुकूम, सावली कमी करून दाखवा. त्यांनी गावातला सगळ्यात मानाचा शेतकरी निवडला. म्हातारा होता. त्यानं केलं की गाव करतं, हे साहेबांनी हेरलं होतं, आणि आपल्या हुशारीवर ते खूश होते. म्हाताऱ्याच्या बागेत त्यांनी उभं राहून छाटणी करवली. तीन फांद्यांतली एक काढायची, पश्चिमेची बाजू राखायची, असं ओरडून सांगत होते. लोक ओढ्याच्या पलीकडे उभे राहून बघत होते.

"पलीकडे आवाज पोचत नव्हता, बाई. त्यांना फांद्या पडताना दिसत होत्या. त्यांनी जे पाहिलं ते केलं. मोठ्या माणसानं छाटलं, मग आपण अख्खी झाडंच पाडू. म्हाताऱ्यालाही वाटलं, आपण मागे पडलो, त्यानंही उरलेली पाडली. दोन उन्हाळे गेले. कॉफीच्या खोडांवर ऊन आलं आणि खोडकिडा शिरला. उघड्या तापलेल्या खोडावरच तो अंडी घालतो. तांबेऱ्यानं पानं जातात, पानं पुन्हा येतात. खोडकिड्यानं झाड जातं. हातानं उपटावं तसं निघून येतं."

मी विचारलं, "मग लोक तुम्हाला काही बोलले?"

"बोलले असते तर बरं झालं असतं. म्हातारा बागेत माझ्याजवळ आला. म्हणाला, आता काय करू, साहेब? मी त्याचं सगळं घालवलं होतं आणि तो मलाच विचारत होता. मी पुढचंही काही सांगितलं असतं तर त्यानं तेही केलं असतं." ते भिंतीकडून वळले. "त्यानंतर मी कुणाला 'करा' म्हटलं नाही."

खाली तांबटाची हातोडी चालू होती. माझ्या डोळ्यांपुढे आमचा उतार होता. पश्चिमेकडचाच, दुपारचं ऊन घेणारा.

कार्ड आमच्या गावी पोचायला पाच-सहा दिवस लागत. तार त्याच्या आधी पोचली असती. मी तडक पोस्टात गेले. तारेच्या खिडकीपुढे उभी राहिले, फॉर्म घेतला. "कार्ड मानू नका," एवढं लिहिलं. पुढे नाव कुणाचं लिहू? साहेबांचं लिहिलं तर दुसरी लबाडी. माझं लिहिलं तर पहिली उघडी. मासिकात कळेल, साहेब काढून टाकतील, नवरा विचारील हे काय केलंस. मागचा माणूस म्हणाला, "बाई, लिहिताय की वाचताय?" मी बाजूला झाले. फॉर्म फाडून पर्समध्ये ठेवला आणि घरी आले. कार्ड पाठवलं ती चूक होती, म्हणता येईल. ही चूक नव्हती. हे मी समजून केलं.

पुढचं मला माहेरी गेल्यावर कळलं. पोस्टमननं कार्ड चावडीपाशी वाचून दाखवलं. लाकूडवाल्यानं ते भावाकडून मागून घेतलं आणि घरोघर नेलं. "पुन्याच्या साहेबानं लिवलं, सावली काढा." विरळ शब्द गळून पडला. सातही घरांचे सिल्व्हर ओक उतारावरून खाली गेले. माय एवढंच म्हणाली, "आता ऊन घरात येते."

तांबेरा खरंच हटला. पहिल्या वर्षी भावानं साहेबांना धन्यवादाचं पत्र लिहिलं, आणि ते मी वाचून दाखवलं नाही. तिसऱ्या वर्षी दुसरं पत्र आलं, सात घरांच्या सह्या-अंगठ्यांचं. त्याची एक प्रत मासिकाच्या संपादकांनाही गेली होती, त्यामुळे लपवणं शक्य नव्हतं. मी वाचायला घेतलं. झाडं पिवळी पडली, खोडात भोकं आहेत, हलवलं की निघून येतात, तुमच्या कार्डानं आमची कॉफी गेली. शेवटी कार्डातलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं.

साहेबांनी ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "विरळ करा. मी 'करा' लिहितो का हो?"

मी सह्यांच्या कागदाची घडी घालायला लागले.

"तो भाऊ ना तुमचा? पहिलं पत्र वाचताना तुमचा आवाज परक्याचं वाचताना असतो तसा नव्हता. जास्तच परका होता."

मी रडायला लागले. ते म्हणाले, "रडू नका. कागद भिजतो. लिहा. सल्ला माझाच होता. तो चुकला."

"नका ना असं. माझं नाव लिहा. मी सांगते त्यांना."

"तुम्हाला तिथे माहेर आहे, बाई. मला तिथे काय आहे?"

मी लिहिलं. माझ्याच हातानं, त्यांच्या नावानं, दुसऱ्यांदा. या वेळी त्यांच्या सांगण्यावरून. वरून त्यांनी झाडं कशी तपासायची, खोडं जाळायची का ठेवायची, याचे प्रश्न लिहायला लावले. त्या कार्डाला उत्तर आलं नाही.

मासिकानं सदर बंद केलं. संपादक स्वतः सांगायला आले. साहेबांनी त्यांना विचारलं, "बंद करा म्हणून कुणी सुचवलं? मेव्हण्यानं?" संपादकांना काय ते कळलं नाही. ते गेल्यावर साहेब हसले नाहीत. आता लिहायला काही नव्हतं, तरी त्यांनी मला येऊ नका म्हटलं नाही. मी जात राहिले, जुनी पत्रं वाचून दाखवत राहिले. एखाद्या जुन्या पत्राचं उत्तर ते अजूनही मनात जुळवायचे, मग म्हणायचे, "जाऊ द्या. आत्तापर्यंत त्यानं काय करायचं ते केलं असेल." त्यानंतर ते दोन वर्षं जगले, त्यात त्यांनी मला एकदाही काही बोलून दाखवलं नाही. त्याला उपकार म्हणावं की शिक्षा, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. शेवटच्या आजारात मी त्यांच्या घशात पाणी घातलं. तांबटानं दुकान बंद ठेवलं, एकच दिवस.

भाऊ तोवर पुण्याला आला होता. कॉफी उपटून ज्वारी लावली, ती त्या उतारावर झाली नाही. माय गेली. मग भोसरीला एका कारखान्याच्या फाटकावर रखवालदार म्हणून लागला, अजून तिथेच आहे. रविवारी माझ्याकडे जेवायला येतो. साहेब गेले त्या आठवड्यात मी त्याला सांगितलं, ते गेले.

"मेला का थो?" त्यानं भाकरी मोडली. "बरं झालं. येका कार्डात सात घरं खाल्ली त्यानं. तू काऊन रडतं त्याच्यासाठी? तुले पगार देत होता म्हणून?"

मी हो म्हटलं. पगार देत होते म्हणून. आणि त्याच्या ताटात भाजी वाढली.

त्यानंतर पुष्कळ रविवार गेले. दर रविवारी सांगायचं ठरवते, आणि तो भाकरी मोडायला लागला की राहून जातं. म्हणून हे लिहून काढलं. लिहिलेलं मला वाचून दाखवता येतं, ती एक सवय साहेबांनी लावली. येत्या रविवारी तो येईल तेव्हा हे कागद मी त्याच्यासमोर वाचणार आहे. आधी वाढीन, त्याचं जेवण होऊ देईन. नंतर माझ्या घरचं तो पुन्हा जेवेल की नाही, ते मला माहीत नाही.